लाल कोटाच्या आधीचं वाजवणं

मास्तर, तुम्ही गेलात ते वय मी कधीच मागे टाकलं. आज समोर आलात तर वयाच्या मानाने तुम्हालाच माझ्या पाया पडावं लागेल, आणि तुम्ही हसत हसत पडालही. परवा नातीने तिच्या फोनवर एका परदेशी बँडचं वाजवणं ऐकवलं. आपल्यासारखा पितळी बँड नव्हे, गिटारवाल्यांचा. सगळे आता म्हातारे झालेत, जगभर नाव झालंय, आणि एवढं सगळं झाल्यावर त्यांनी नवी रेकॉर्ड काढली ती कुणी ओळखत नव्हतं तेव्हा जे वाजवायचे त्याची. नात म्हणाली, "आजोबा, ते लोक आपल्या मुळाकडे परत गेले." मी म्हटलं, "बरं केलं." तर तिला वाटलं मला आवडलं नाही. आवडलं होतं. पण मी विचार करत होतो की त्यांच्या मुळाशी कोण कोण बसलं होतं, आणि परत जाताना त्यांना कुणी विचारलं का. हे तिला समजावून सांगायला गेलो तर प्रत्येक वाक्य तुमच्यापासून सुरू व्हायला लागलं. म्हणून म्हटलं, तुम्हालाच लिहावं.

तुम्हाला ठाऊक असलेलंच आधी सांगतो, कारण ते मी आप्पांच्या, म्हणजे माझ्या बापाच्या, तोंडून ऐकलंय आणि तुमच्या आठवणीत ते वेगळं असेल. लालबागच्या तालमीत तुमचा बँड सुरू झाला तेव्हा बँड म्हणण्यासारखं काही नव्हतंच. तुमची सनई, तुमच्या चुलतभावाचा पोचे पडलेला ट्रम्पेट, एक ताशा आणि माझ्या बापाची हलगी. तुम्ही आणि आप्पा एकाच मिलमध्ये. तुम्ही विणकाम खात्यात, ते सूतखात्यात, कारण विणकामात धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून तिथे आमच्या माणसांना घेत नसत. गावं दोघांचीही सातारा जिल्ह्यातली, जवळजवळची. कुस्त्यांचा फड असला की तुम्ही चौघं वाजवायचात, आणि आप्पांची हलगी सुरू झाल्याशिवाय पैलवान लांग कसत नसत म्हणे. मग दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास लग्नाच्या सुपाऱ्या यायला लागल्या. आणखी पितळी वाद्यं आली, सनई जाऊन तुमच्या हाती क्लॅरिनेट आली, सिनेमातली गाणी आली, आणि एक दिवस शिंपी बोलावून सगळ्यांचे सोनेरी पट्ट्यांचे लाल कोट शिवायला टाकले. हलगी कोटावर शोभत नाही असं ठरलं. कुणी ठरवलं ते आप्पांनी मला कधी सांगितलं नाही. ते नुसते यायचे थांबले.

पुढे काही वर्षांनी तुम्हीच मला बोलावून घेतलंत. मी तेव्हा शाळेत जाणारा. तुम्ही तुमची जुनी क्लॅरिनेट माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "घरी ने. मोडलीस तर बापाला सांगू नको, मला सांग." गिरगावातल्या वाडीत लग्न असो की परळला बारसं, तुमच्या मागून चालत मी शिकलो. पहिल्या वर्षी तुम्ही मला एकदाच रागावलात. मी जोर लावून सूर काढत होतो. तुम्ही रस्त्यातच थांबलात, मागून येणारा नवरदेवाचा घोडासुद्धा थांबला, आणि मला म्हणालात, "फुंकतोस काय चूल फुंकल्यासारखा? बोल त्यातून." ते वाक्य मी पुढे माझ्या विद्यार्थ्यांना इतक्या वेळा म्हटलंय की त्यांना ते माझंच वाटतं. मला लाल कोट मिळाला तेव्हा आप्पांनी तो हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला, बटणं चाचपली, आणि म्हणाले, "शिवण चांगली आहे."

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. फ्लोरा फाउंटनला गोळीबार होऊन गेलेला, गिरणगावात घरोघरी तोच विषय. मोर्च्याच्या पुढे चालायला आपल्या बँडला बोलावणं आलं आणि तुम्ही सुपारी न घेता हो म्हणालात. मला तो दिवस अजून दिसतो. आपण लाल कोट घालून पुढे, मागे मिलमधून सुटलेली माणसं, अंगावर कापसाचे धागे तसेच. आपण वाजवतोय आपल्याला येत होतं ते, एका सिनेमातलं, वरातीत चालणारं. भारतमाता सिनेमाच्या पुढे गेलो असू, मागून कुणीतरी ओरडलं, "मास्तर, नवरी कुठाय?" सगळा मोर्चा हसला. तुम्हीही हसलात, पण मी शेजारी होतो, तुमचा चेहरा मला दिसला. तुम्ही हात वर करून गाणं बंद केलंत आणि फडातली जुनी चाल धरलीत. चाल बरोबर होती, पण ती उभी राहीना. खाली काहीतरी नव्हतं. चार पावलं गेल्यावर तुम्ही क्लॅरिनेट तोंडातून काढलीत आणि पुढचा सगळा रस्ता आपण नुसते चाललो. माणसं घोषणा देत होती, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्याच सुमारास रेकॉर्ड कंपनीच्या माणसाने तुम्हाला विचारलं होतं. गिरगावातल्या एका लग्नात आपल्याला ऐकून तो मागे लागला होता. एक रेकॉर्ड, दोन बाजू, आणि दोन्हीवर चालू सिनेमातली गाणी. तुम्ही त्याला सांगितलंत की वाजवू, पण कोट शिवायच्या आधीचं वाजवू. तो म्हणाला, "हे घेणार कोण?" तुम्ही म्हणालात, "ते मला ठाऊक नाही, पण दुसरं आता माझ्या हातून होणार नाही." कसा कोण जाणे, तो तयार झाला. आणि दुसऱ्याच रविवारी तुम्ही भोईवाड्याला आमच्या चाळीत आलात.

तुम्ही आमच्या घरी त्याआधी कधीच आला नव्हतात, मास्तर. इतक्या वर्षांत. मला ते तुम्ही दारात उभे राहिलात तेव्हा लक्षात आलं. आईने चटई टाकली, चहा ठेवला. भिंतीवर पूर्वी देव होते तिथे आता बुद्धाची तसबीर होती, नवीन, काचेवर डाग नसलेली. आमची दीक्षा होऊन फार दिवस झाले नव्हते. तुम्ही तिच्याकडे पाहिलंत, नमस्कार केलात आणि बसलात.

"गड्या," तुम्ही आप्पांना म्हणालात, "रेकॉर्ड होतेय आपली. पहिल्यासारखं वाजवायचं आहे. तुझ्या हलगीशिवाय कसं होणार?"

आप्पांनी चटईचं टोक सरळ केलं. मग म्हणाले, "पहिल्यासारखं म्हंजे कोट शिवायच्या आधीचं?"

"तेच."

"मग कोट शिवताना माझं माप का न्हाई घेतलं, मास्तर?"

आईने चहा आणून ठेवला. तुम्ही खाली बघत म्हणालात, "लग्नवाले कुरकुर करायचे. हलगी कुणाची, वाजवणारा कोण, विचारायचे. मला तेव्हा..." आणि तिथेच थांबलात. पुढे काय म्हणणार होतात ते मी पुष्कळदा मनात पुरं करून पाहिलंय.

"ते जाऊ द्या," आप्पा म्हणाले. "ते जुनं झालं. आता दुसरी गोष्ट आहे. गावाला माझ्या भावानं हलगी चुलीत घातली. पिढ्यान्‌पिढ्या पालखीपुढं, मढ्यापुढं, पाटलाच्या दारात वाजवली आन् बदल्यात शिळं तुकडं घेतलं. दीक्षा घेतल्यावर समद्यांनी ठरवलं, आता हात लावायचा न्हाई. तर गावानं पाणी बंद केलं, दळण बंद केलं. माझी भावजय दोन कोस लांबनं पाणी आणती. तिकडं ते हाल काढत्यात, आन् मी हितं मुंबईत बसून हलगी वाजवू? रेकॉर्डवर? भाऊ ऐकंल तर काय म्हणंल?"

"ही कला आहे रे," तुम्ही म्हणालात. "ही काही गावकी नाही."

"तुमच्यासाठी कला. माझ्यासाठी दोन्ही आहे, आन् त्यातलं एक सुटं करून मला तुम्हाला देता येत न्हाई."

मी दाराशी उभा होतो आणि मला दोघांचाही राग आला होता. तुमचा, कारण इतक्या उशिरा आलात. आप्पांचा, कारण मला ती रेकॉर्ड हवी होती. त्या वयात माझ्या क्लॅरिनेटचा आवाज तबकडीवर येणार यापलीकडे मला काही दिसत नव्हतं. तुम्ही उठायला लागलात तेव्हा आप्पा म्हणाले, "बसा. च्या घ्या. मी वाजवणार न्हाई. पर शिकवीन."

"कुणाला? ह्याला?" तुम्ही माझ्याकडे बोट केलंत.

"ह्याला कशापायी? त्याच्या गळ्यातनं काढायला आमच्या पिढ्या गेल्या. तुम्हाला शिकवीन. हलगी तुम्ही गळ्यात घाला."

तुम्ही चहा अर्धा टाकून गेलात. पुढच्या सरावाला तुम्ही नेहमीसारखी लग्नाची गाणी बसवलीत. आईने घरी आप्पांना विचारलं, "एवढं कशाला ताणायचं? जातवाले त्यांना सुखानं जगू देतील का?" आप्पा म्हणाले, "त्यांनी तरी थोडं सोसून बघावं." मग तोही विषय संपला. आठवडे गेले. मला वाटलं, रेकॉर्ड गेली.

आणि एका रविवारी तुम्ही भोईवाड्याच्या रस्त्याने येताना मला गॅलरीतून दिसलात. डोक्यावर पांढरी टोपी, पायात वहाणा आणि काखेत नवी कोरी हलगी. लालबागपासून तुम्ही ती तशीच घेऊन चालत आला होतात, कापडसुद्धा न गुंडाळता, ओळखीची सगळी दुकानं, सगळ्या चाळी ओलांडून. आप्पा दारात आले. म्हणाले, "झाकून न्हाई आणली?" तुम्ही म्हणालात, "झाकून आणली असती तर तुम्ही शिकवली असती का?"

तुम्ही. तोपर्यंत तुम्ही आप्पांना अरे-तुरे करत होतात. आप्पा संकोचले, म्हणाले, "आता म्हातारपणी आहो-जाहो कशाला?" तुम्ही म्हणालात, "शिकवणाऱ्याला अरे म्हणायची पद्धत नाही आमच्या घरात." आणि गॅलरीतच बसलात.

ते रविवार मी विसरणार नाही. कागद पेटवून त्याच्या धगीवर कातडं तापवायचं. तुम्ही हलगी फिरवायचात आणि आप्पा कान लावून म्हणायचे, "अजून... अजून... आता बस." त्यांनी एकदाही हलगीला हात लावला नाही. बोल तोंडाने म्हणायचे, उंबऱ्यावर बोटं आपटून दाखवायचे, फार झालं तर तुमच्याच पाठीवर दोन्ही हातांनी लय धरायचे. पाठीवर ताल घेत तुम्ही वाजवायचात आणि चाळीतली पोरं जमायची. तुमचा उजवा हात लवकर बसला. डावा बसेना. आप्पा म्हणायचे, "मास्तर, तुमचा डावा हात अजून वरातीत चालतोय." तुम्ही घामाघूम होऊन हसायचात.

आमच्या चाळीतला एक तरुण कार्यकर्ता चिडून वर आला होता, आठवतं? म्हणाला, "काका, जे आपण टाकलं ते परत दारात आणलंत?" आप्पा शांतपणे म्हणाले, "मी टाकलं ते माझ्या गळ्यातलं. ही त्यांच्या गळ्यात आहे. नीट बघ." तो बघत राहिला. मग कठड्याला टेकून पूर्ण शिकवणी ऐकूनच गेला.

तुमच्याकडे काय चाललं होतं ते मला हळूहळू कळलं. घरी काकूंनी तुमच्याशी बोलणं टाकलं होतं. तालमीतल्या वडीलधाऱ्यांनी बोलावून समज दिली होती. आणि रेकॉर्डिंगच्या आदल्या आठवड्यात तुमच्या चुलतभावाने सगळ्यांसमोर ट्रम्पेट खाली ठेवला. "दादा, मला पोरीचं लग्न जमवायचं आहे. हलगी घातलेल्या माणसाच्या मागून मी चाललो तर उद्या माझ्या दारात कोण येईल?" तुम्ही त्याला अडवलं नाहीत. त्याच्या खांद्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "तू जा. तुझं बरोबर आहे." तो गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणालात, "आता चाल तुझी एकट्याची. माझे हात अडकलेत." मी म्हटलं, "मला जमेल का?" तुम्ही म्हणालात, "मला तरी कुठे जमतंय?"

रेकॉर्डिंगची खोली मला आठवते ती तिच्या शांततेमुळे. गिरणगावात जन्म गेला, इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. भिंतींना जाड पडदे, मधोमध एकच माइक. हलगीचा आवाज मोठा म्हणून तिथल्या इंजिनियरने तुम्हाला सगळ्यात मागे, दाराला चिकटून उभं केलं. आप्पांनी मिलमध्ये रजा टाकली होती, धुवट सदरा घालून आले होते आणि कोपऱ्यात उभे होते. इंजिनियर म्हणाला, "हे वाजवणार आहेत? नसतील तर बाहेर थांबायला सांगा." तुम्ही म्हणालात, "हे मला शिकवतात. यांना खुर्ची द्या." त्याने खुर्ची आणली. आप्पा बसले. मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही, ओठ थरथरले असते तर सूर गेला असता.

आपण वाजवलं. पहिली बाजू फडाची चाल, दुसरी पालखीची. दुसऱ्या बाजूला शेवटी तुमचा डावा हात किंचित मागे राहिला, तो तबकडीवर अजूनही राहतो. वाजवून झाल्यावर तुम्ही आप्पांकडे पाहिलंत. आप्पा म्हणाले, "चालतंय." त्यांच्या तोंडून यापेक्षा मोठी शाबासकी मी ऐकलेली नाही.

रेकॉर्ड फारशी खपली नाही. कंपनीच्या माणसाचं बरोबर होतं. पण सभांना वक्ते यायच्या आधी ती कर्ण्यावर लावायचे. दादरला एकदा मी गर्दीत उभा राहून ती ऐकली आणि शेजारचा माणूस पायाने ठेका धरत होता. लग्नाच्या सुपाऱ्या कमी झाल्या, काही घरांनी दुसरा बँड धरला. तुम्ही पुन्हा क्लॅरिनेट घेतलीत आणि लग्नं वाजवलीत, पोट होतं ना. पण महाराष्ट्र झाला त्या दिवशी लालबागच्या मिरवणुकीत तुम्ही लाल कोटावर हलगी घालून पुढे होतात. मधेच थांबून तुम्ही आप्पांना हाक मारलीत, "मास्तर, या ना पुढे!" आप्पांना कुणी मास्तर म्हटलेलं मी तेवढं एकदाच ऐकलं. ते पुढे आले आणि तुमच्या बाजूने चालायला लागले, हात मागे बांधून.

त्यानंतर तुम्ही फार राहिला नाहीत. छातीत कापूस साठलेल्यांचा खोकला तुम्हालाही लागला होता. तुमची अंत्ययात्रा निघाली तेव्हा तुमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे पुढे हलगी हवी होती. तुमचा चुलतभाऊ, तोच, डोळे सुजलेला, तुमची हलगी घेऊन आप्पांसमोर आला. म्हणाला, "आप्पा, मी हात जोडतो. आज तरी दोन हात वाजवा. दादासाठी." सगळी माणसं थांबली. आप्पांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते म्हणाले, "तुझ्या दादानं हे मागितलं नसतं." आणि तिरडीच्या पुढे होऊन त्यांनी खांदा दिला. त्यांना कुणी अडवलं नाही. शिवडीच्या स्मशानापर्यंत तुम्ही नुसत्या पावलांच्या आवाजात गेलात.

ही गोष्ट मी पुष्कळांना सांगितली आहे, सभांमधून सांगितली आहे, आणि दर वेळी माझी मान ताठ होते. आप्पांचं बरोबर होतं. तुम्हीही ते मानलंत. यात मला आजही शंका नाही. पण मी अगदी लहान असताना, पाच-सहा वर्षांचा असेन, परळच्या मैदानात फडाच्या कडेला मला कुणाच्या तरी खांद्यावर बसवलं होतं आणि खाली आप्पा वाजवत होते. ते मला नीट आठवतही नाही. एवढंच आठवतं की मी ज्याच्या खांद्यावर होतो तो माणूस माझं वजन विसरून नाचायला लागला आणि मला भीती वाटली नाही. तो आवाज कुठल्याही तबकडीवर नाही. आप्पा गेले तेव्हा तो त्यांच्याबरोबर गेला.

तुमच्या तिरडीसमोर तुमचा भाऊ हलगी पुढे करून उभा होता ना, मास्तर, तेव्हा मी आप्पांच्या हातांकडे बघत होतो. आणि मनातल्या मनात म्हणत होतो, घ्या. एकदाच घ्या. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही, नातीलाही सांगणार नाही. तुम्ही कुणाला सांगणार नाही म्हणून तुम्हाला सांगितलं.